झिंकवाला स्लज सिंटरमध्ये घालायचा की नाही? हिशोब बसत नाहीये

भट्टीपुत्र

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी सिंटर प्लांटला कच्च्या मालाचं मिक्सिंग बघतो. वरून आदेश आलाय की प्लांटमध्ये लोखंड असलेला जो जो टाकाऊ माल निघतो, म्हणजे ब्लास्ट फर्नेसची (झोतभट्टीची) कोरडी डस्ट, तिच्याच गॅस क्लीनिंगचा ओला स्लज (गाळ), कन्व्हर्टरचा (लोखंडाचं पोलाद करणाऱ्या भांड्याचा) स्लज, रोलिंग मिलची स्केल (गरम पोलादावरून सुटणारे ऑक्साइडचे पापुद्रे), हे सगळं सिंटरमधून परत वापरायचं आणि डंपवर काही न्यायचं नाही. कागदावर एकदम झकास वाटतं कारण स्लजमध्ये लोखंड आहे, फर्नेसच्या डस्टमध्ये कार्बन आहे म्हणजे तेवढा कोक ब्रीझ (कोकचा बारीक चुरा) वाचतो, मिल स्केल तर बेडमध्ये ऑक्सिडाइज होताना स्वतःच उष्णता देते. पण तीन महिने झाले नाहीत तोच फर्नेसवाल्यांची बोंब सुरू झाली की तुमच्या सिंटरमध्ये झिंक (जस्त) वाढलंय.

आता माझी शंका अगदी बाळबोध आहे. झिंक उकळतं ९०७ अंशाला. सिंटरच्या बेडमध्ये ज्वाळेचा पट्टा जातो तिथे १३०० च्या वर तापमान जातं. मग झिंक तिथेच उडून का जात नाही? आमच्या लॅबच्या आकड्यांप्रमाणे जेवढं घालतो जवळपास तेवढं सिंटरमध्ये परत मिळतं.

कोरा_कागद

मी या क्षेत्रातला नाही, उत्सुकता म्हणून विचारतो. सिंटर म्हणजे नक्की काय? आणि लोखंडाच्या कारखान्यात झिंक येतंच कुठून?

भट्टीपुत्र

थोडक्यात सांगतो. लोहखनिजाचा बारीक चुरा फर्नेसमध्ये तसाच टाकला तर वाफ-गॅस जायला वाटच राहत नाही, फर्नेस गुदमरते. म्हणून तो चुरा, चुनखडी, थोडा कोक ब्रीझ आणि आधीचा चाळलेला बारीक सिंटर हे सगळं ड्रममध्ये पाणी मारून दाणेदार करायचं, चालत्या जाळीवर अर्धा-पाऊण मीटर जाड थर पसरायचा, वरून पेटवायचं आणि खालून पंख्याने हवा ओढायची. आग वरून खाली हळूहळू उतरते, चुरा अर्धवट वितळून एकमेकांना चिकटतो, शेवटाला सच्छिद्र ढेपा पडतात. त्या फोडून, गार करून, चाळून फर्नेसला जातात.

झिंक थोडं खनिजातून आणि कोकमधून येतं, पण मोठा वाटा भंगाराचा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कन्व्हर्टरमध्ये पडला की झिंक वाफ होऊन धुरात जातं आणि तो धूर धुतला की स्लजमध्ये. तो स्लज आपण सिंटरमध्ये घालतो आणि सिंटर फर्नेसमध्ये.

जुनी_झोतभट्टी

भट्टीपुत्र, तुमचे फर्नेसवाले उगाच ओरडत नाहीयेत. मी उभा जन्म ब्लास्ट फर्नेसवर काढलाय, आता निवृत्त आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूची कहाणी मी सांगतो.

फर्नेसमध्ये झिंकचं रहाटगाडगं चालतं. सिंटरमधून आलेलं झिंक ऑक्साइड खाली गरम भागात गेलं की कार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड त्याचा ऑक्सिजन काढून घेतात, झिंक वाफ होऊन गॅसबरोबर वर निघतं. वर गार भागात आलं की तिथल्या कार्बन डायऑक्साइडने आणि पाण्याच्या वाफेने परत ऑक्साइड होतं आणि जिथे जागा मिळेल तिथे बसतं, कोकवर, सिंटरवर, भिंतीच्या विटांवर. जे मालावर बसलं ते मालाबरोबर परत खाली आणि परत वाफ. हॉट मेटल (फर्नेसमधून निघणारं वितळलेलं लोखंड) किंवा स्लॅग (मळी) यांच्यातून ते जवळपास बाहेर पडतच नाही, बाहेर जाईल तर फक्त वरच्या गॅसमधून. म्हणून एक टन हॉट मेटलला शंभर-दीडशे ग्रॅमच झिंक आत जात असलं तरी फर्नेसच्या पोटात फिरणारं झिंक त्याच्या कित्येक पट असतं.

त्रास कसा होतो ते पण ऐका. भिंतीवर थर धरतो, त्याला आम्ही स्कॅफोल्ड म्हणायचो, माल सरळ उतरत नाही, अडकतो आणि मग एकदम धबाककन घसरतो. तो थर सुटून खाली आला तर खालचं तापमान पडतं, ट्युयरपाशी (फर्नेसमध्ये गरम हवा फुंकायच्या नळ्यांपाशी) बोंब होते. विटांच्या फटीत झिंक शिरलं की विटा फुगतात. एका शटडाऊनला वरच्या भागात शिरलो तर भिंतीला जड कवच, गार असताना पांढुरकं-हिरवट. त्याचा एक खडा गरम केला की पिवळा पडायचा आणि गार झाला की परत पांढरा, झिंक ऑक्साइडचा हा गुणच आहे. नवीन पोरांना हा खेळ करून दाखवायचो.

टनाला साधारण १०० ते १५० ग्रॅम ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी पाळतात ती याच्यामुळे.

सायली_धातू

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नावर लिहिते. माझं काम प्रयोगशाळेतल्या सिंटर पॉटवर आहे, म्हणजे मोठ्या स्ट्रँडची (त्या चालत्या जाळीची) छोटी नक्कल, त्यामुळे हे प्रत्यक्ष बघितलंय.

९०७ अंश हा धातू झिंकचा उत्कलनबिंदू आहे. तुमच्या स्लजमध्ये झिंक धातू म्हणून नसतंच, एकतर झिंक ऑक्साइड असतं नाहीतर लोखंडाबरोबर जोडी जमवून झिंक फेराइट झालेलं असतं. ही दोन्ही १३०० ला सहजासहजी उडत नाहीत. उडवायचं तर आधी ऑक्सिजन काढावा लागतो आणि त्याला कार्बन मोनॉक्साइड भरपूर आणि कार्बन डायऑक्साइड कमी असं वातावरण लागतं. सिंटरच्या बेडमधून तर आपण सतत हवा ओढतोय! कोकच्या प्रत्येक कणाभोवती अगदी जवळ थोडं रिडक्शन होतं, तिथे झिंकची वाफ निघतेही, पण ती चार पावलं जात नाही तोच ऑक्सिजन भेटतो आणि परत ऑक्साइड.

आणि समजा वाफ किंवा बारीक धूर म्हणून थोडं निसटलं तरी खाली काय आहे? गार, ओला थर. वरचं गरम झालं की वाफ खाली जाऊन तिथे पाणी होते, त्या ओल्या मालात हा धूर अडकतो. बेड स्वतःच गाळणी होतो. मग आग तिथपर्यंत उतरली की परत तोच खेळ, आणि प्रत्येक वेळी झिंक थोडं खाली सरकतं. आमच्या पॉटमध्ये सिंटरचे वरचा, मधला, खालचा असे नमुने वेगळे काढले तर खालच्यात झिंक जास्त मिळतं. शेवटच्या विंडबॉक्सपाशी (जाळीखालच्या हवा ओढणाऱ्या पेटीपाशी) जे गॅसमध्ये जातं तेवढंच खरं बाहेर पडलं म्हणायचं, आणि ते थोडं असतं.

अति_शहाणा

मग कोक वाढवा की. जास्त कोक म्हणजे जास्त रिडक्शन. सरळ गोष्ट आहे.

सायली_धातू

सरळ नाहीये हो :) कोक वाढवला की तापमान वाढतं, माल जास्त वितळतो, छिद्रं बुजतात, हवा जाईनाशी होते आणि स्ट्रँड हळू चालवावा लागतो. वर सिंटरमध्ये फेरस ऑक्साइड वाढतं, मग ते फर्नेसमध्ये नीट रिड्यूस होत नाही. झिंक थोडं जास्त गेलं पण सिंटरच बिघडला, असं होतं.

यावर एक वेगळी वाट लोक करून बघतायत आणि मला तीच बरी वाटते. झिंकवाली डस्ट सगळ्या मिक्समध्ये पसरवायचीच नाही. तिच्यात कार्बन मिसळून वेगळ्या घट्ट गोळ्या करायच्या आणि त्या गोळ्या बेडमध्ये ठेवायच्या. बाहेर हवा असली तरी गोळीच्या पोटात कार्बन आणि ऑक्साइड एकमेकांना खेटून आहेत, तिथे कार्बन मोनॉक्साइड तयार होत राहतो आणि आत हवा पोचायच्या आधी झिंक वाफ होऊन निघतं. नेहमीच्या पद्धतीपेक्षा झिंक बरंच जास्त निघतं. पण गोळी फार छोटी केली तर हवा आत शिरते, फार मोठी केली तर मध्यभाग तापतच नाही, आणि बाहेरचं कवच लवकर वितळलं तर वाफ आतच कोंडते. शिवाय बाहेर पडलेलं झिंक खालच्या थराने पकडायचा प्रश्न आहे तसाच राहतो, म्हणून गोळ्या कुठल्या थरात ठेवायच्या हाही भाग येतो. पॉटमध्ये हे जमतं, रोज हजारो टन चालणाऱ्या स्ट्रँडवर गोळ्या हव्या त्याच थरात ठेवणं हे काम वेगळंच.

धूळधाण

मी गॅस क्लीनिंगकडचा, नाव बघूनच कळलं असेल. सायलीताई, तुमचं झिंक बाहेर पडलं की ते माझ्या दारात येतं, त्याबद्दल कुणी बोलतच नाही :)

क्लोरीनचा मुद्दा राहिला. झिंक क्लोराइड ७३२ अंशालाच उकळतं आणि त्याला रिडक्शनची गरज नाही, त्यामुळे कुणीतरी हमखास सुचवतं की थोडं क्लोराइड घाला, झिंक पळेल. पळेलही. पण क्लोराइडबरोबर पोटॅशियम, सोडियम, शिसं सगळे पळतात आणि ती क्लोराइडची अतिबारीक धूळ ईएसपीच्या (विजेने धूळ पकडणाऱ्या यंत्राच्या) प्लेटवर बसली की तिच्यातून वीज जात नाही, ईएसपीची क्षमता घसरते. डक्ट आणि पंख्याचं गंजणं वेगळं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डायऑक्सिन, अतिविषारी संयुगं. सिंटर प्लांट हा डायऑक्सिनचा एक मोठा औद्योगिक स्रोत मानला जातो, बेडच्या खालच्या भागात आणि डक्टमध्ये २५० ते ४५० अंशाच्या पट्ट्यात कार्बन, क्लोरीन आणि तांब्यासारखा धातू एकत्र आले की ते तयार होतात. आपण हाताने क्लोरीन घालणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मिल स्केलबद्दल पण सांगतो, तिच्यावर रोलिंगचं तेल असतं. ते जळत नाही, आग पोचायच्या आधीच वाफ होऊन गॅसमध्ये येतं आणि ईएसपीत चिकटतं, काही वेळा आतच पेटतं. त्यामुळे तेलकट बारीक स्केल सरसकट घालू नका, जाडी स्केल चालते, बारीक गाळातच तेल जास्त असतं.

भट्टीपुत्र

सगळ्यांचे आभार, डोक्यात बराच उजेड पडला. मी साधा हिशोब मांडला तो तपासा. एक टन सिंटरला २० किलो फर्नेसचा स्लज, त्यात झिंक २ टक्के, म्हणजे ४०० ग्रॅम. एक टन हॉट मेटलला आम्ही १.२ टन सिंटर वापरतो, म्हणजे ४८० ग्रॅम. नुसत्या स्लजचेच ४८०! काकांची मर्यादा १५०. मग मला कळत नाही की फर्नेस अजून चालू कशी आहे.

नमुनेदार

लॅबवाला आहे, राहवलं नाही म्हणून लिहितोय. ते २० किलो ओले की कोरडे?

भट्टीपुत्र

बेल्ट काट्यावरचे. म्हणजे ओले. अरे देवा.

नमुनेदार

झालं मग. लॅबचा २ टक्के हा वाळवलेल्या नमुन्यावर असतो. स्लजमध्ये ३० टक्के पाणी धरलं तर कोरडे १४ किलो, झिंक २८० ग्रॅम, हॉट मेटलला ३३६. तरी जास्तच आहे, पण ४८० नाही. प्रत्येक गाडीचं पाणी वेगळं असतं, त्यामुळे रोजचा ओलावा नोंदवल्याशिवाय हा आकडा धरून भांडू नका कुणाशी.

जुनी_झोतभट्टी

नमुनेदार, शाबास. पण मुलांनो, हिशोबात याहून मोठी चूक आहे. हे ३३६ ग्रॅम आले कुठून? त्या स्लजमध्ये जे झिंक आहे ते फर्नेसमधूनच निघालेलं आहे. म्हणजे तुम्ही नवीन झिंक घालत नाही आहात, कालचंच परत घालताय. ये रे माझ्या मागल्या.

असं बघा. बाहेरून नवीन झिंक टनाला १२० ग्रॅम येतंय असं धरू, खनिज, कोक, भंगार सगळं मिळून. फर्नेसच्या गॅसमधून जे निघतं त्यातलं अर्धं जर तुम्ही सिंटरमधून परत घातलं तर काही काळाने फर्नेसवरचा भार स्थिरावेल २४० वर. ८० टक्के परत घातलं तर ६००. ९० टक्के घातलं तर १२००. आणि सगळंच्या सगळं परत घातलं तर तो आकडा कुठे थांबतच नाही, हिशोबात नाही थांबत, प्रत्यक्षात फर्नेस त्याच्या आधी बोंबलते. तुमची फर्नेस अजून चालू आहे कारण तीनच महिने झालेत आणि डंपवर अजून काहीतरी जात असणार.

घरात नळ आहे पण मोरी नाही अशी ही गत आहे. पाणी बादलीतून बादलीत ओतत बसलात तरी पाणी घरातच.

अति_शहाणा

काकांचा हिशोब मान्य. पण मग सायलीताई ज्याला 'थोडंसं' म्हणतात त्याला किंमत आहे की! परत घातलेल्या झिंकपैकी नुसतं १० टक्के सिंटरिंगमध्ये उडालं असं धरा. ८० टक्के परत घालताय, तर खरं परत जातं ७२. मग भार ६०० ऐवजी ४२८. आणि ९० टक्केवाल्या केसमध्ये १२०० चे ६३० च्या आसपास. दहा टक्क्यात अर्धा भार कमी होतोय.

धूळधाण

नाव अति_शहाणा असलं तरी मुद्दा बरोबर आहे :) फक्त एक प्रश्न. त्या उडालेल्या झिंकची धूळ ईएसपीत आली. ईएसपीची धूळ कुठे जाते?

अति_शहाणा

...सिंटरच्या मिक्समध्ये परत.

धूळधाण

मग १० टक्क्यांचे झाले शून्य. भट्टीपुत्र, तुमच्याकडे पण तसंच असेल, तपासा. ईएसपीत एकामागोमाग एक कप्पे असतात, त्यांना फील्ड म्हणतात, प्रत्येकाखाली धूळ गोळा करणारा हॉपर. बहुतेक ठिकाणी ईएसपीच्या सगळ्या हॉपरची धूळ एकाच कन्व्हेयरवर पडते आणि परत मिक्सिंगला जाते. पहिल्या फील्डची धूळ जाडी, लोखंडाची, ती खुशाल परत घाला. शेवटच्या फील्डची धूळ वजनाला अगदी कमी पण क्लोराइड, शिसं, अल्कली तिच्यातच गोळा झालेलं असतं. ती वेगळी काढली तर क्लोरीनचं चक्र तुटतं आणि ईएसपी पण सुधारतो.

कोरा_कागद

मला आता मजा यायला लागलीय. म्हणजे प्रश्न झिंक काढायचा नसून झिंकला एका जागी जमवायचा आहे का?

सायली_धातू

तुम्ही बाहेरचे असून नेमकं बोललात. आणि निसर्गाने थोडं जमवून दिलेलंच आहे. झिंकची वाफ गार होताना कणांच्या पृष्ठभागावर बसते आणि बारीक कणांचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने खूप जास्त असतो. म्हणून फर्नेसच्या स्लजमध्ये झिंक बारीक कणांत आणि लोखंड-कार्बन जाड कणांत असं वाटलं जातं. हायड्रोसायक्लोन लावला, म्हणजे स्लजचं पाणी गरगर फिरवलं, की जाडं खालून आणि बारीक वरून निघतं. भट्टीपुत्रचेच आकडे घेऊन उदाहरण देते. समजा वजनाचा ६५ टक्के भाग खालून निघाला आणि त्यात झिंकचा ३० टक्केच वाटा आला. मग खालच्या मालात झिंक ०.९ टक्के आणि वरच्यात ४ टक्के. १४ किलोऐवजी ९ किलो घालाल, हॉट मेटलला ३३६ ऐवजी साधारण १०० ग्रॅम. प्रत्यक्षात किती वाटलं जाईल ते तुमच्या स्लजवर अवलंबून, आधी चाळून प्रत्येक मापाचं झिंक तपासा.

भट्टीपुत्र

आणि ४ टक्केवालं बारीक? ते झिंकच्या कारखान्याला विकता येईल का?

स्क्रॅपवाला

इथे मी बोलू शकतो, आमची इलेक्ट्रिक आर्क फर्नेस आहे. आमच्या डस्टमध्ये झिंक २०-३० टक्क्यांच्या घरात असतं कारण आम्ही भंगारच वितळवतो. ती वेल्झ किल्नला जाते, म्हणजे लांबलचक फिरती भट्टी, कोकबरोबर १२०० अंशाच्या आसपास तापवायचं, झिंक वाफ होतं, वर हवेत ऑक्साइड होतं आणि फिल्टरमध्ये गोळा होतं. त्या ऑक्साइडमध्ये पन्नास-साठ टक्के झिंक. ते पण धुवावं लागतं कारण क्लोरीन-फ्लोरीन झिंकच्या इलेक्ट्रोलिसिसला अजिबात चालत नाही. तुमचं ४ टक्के म्हणजे त्रिशंकू आहे. फर्नेसला जास्त, वेल्झला कमी.

त्या दर्जाच्या मालाला रोटरी हर्थ फर्नेस असते, जपानमधल्या मोठ्या स्टील प्लांटमध्ये वापरतात. डस्टमध्ये कार्बन घालून गोळ्या, गोल फिरणाऱ्या चुलीवर एक-दोन थर, १३०० च्या आसपास काही मिनिटं. सायलीताई जे सिंटरच्या बेडमध्ये करायला बघतायत तेच, फक्त वरून हवा ओढणारं कुणी नाही. झिंक धुरात आणि गोळ्या अर्धवट लोखंड होऊन परत फर्नेसला.

जुनी_झोतभट्टी

आणि एक उलट्या खोपडीचं उदाहरण आहे ते सांगायचं राहिलं. जर्मनीत ड्युसबर्गला डीके म्हणून कंपनी, मूळची १८७६ ची, आधी पायराइट जाळून उरलेल्या राखेतून तांबं काढायची. नंतर तिने धंदाच हा केला की दुसऱ्यांच्या स्टील प्लांटची झिंकवाली डस्ट आणि स्लज घ्यायचा, त्याचा सिंटरच करायचा आणि तो छोट्या ब्लास्ट फर्नेसमध्ये घालायचा. आपण ग्रॅममध्ये बोलतो, ते टनाला किलोच्या हिशोबाने झिंक घालायचे, दहा किलोच्याही वर. फर्नेस चालवायची पद्धतच अशी की झिंक वरून गॅसमधून निघालं पाहिजे, आणि गॅस धुतला की जो गाळ मिळायचा त्यात साठ टक्क्यांच्या वर झिंक, तो झिंकवाले घ्यायचे. खालून ओतकामाचं पिग आयर्न. म्हणजे सिंटरने झिंक काढलंच नाही, सिंटरने फक्त धुळीच्या ढेपा केल्या, काढलं फर्नेसने, आणि निघालेलं परत घातलं नाही.

तेव्हा भट्टीपुत्र, सिंटर प्लांट बंद पाडायची गरज नाही. फक्त तिथून झिंक जाईल ही आशा सोडा. आणि फर्नेसवाल्यांना सांगा मधला भाग मोकळा चालवा, मध्यातून गॅस गरम राहिला तर झिंक भिंतीला न चिकटता बाहेर जातं. त्याला कोक थोडा जास्त लागतो, ते कुरकुर करतील.

भट्टीपुत्र

तीन आठवड्यांनी परत येतोय, वाट बघायला लावल्याबद्दल सॉरी.

झिंकचा ताळेबंद मांडला, या वेळी सगळं कोरड्या वजनावर. धूळधाण म्हणाले तेच निघालं, ईएसपीची सगळी धूळ परत मिक्समध्ये जात होती आणि आमच्या कुठल्याच कागदावर तिची नोंद नव्हती कारण ती 'अंतर्गत' समजली जायची. म्हणजे मी मोजत होतो त्यात ती कधी आलीच नव्हती. आता शेवटच्या फील्डचा हॉपर वेगळ्या बॅगेत घेतोय. हायड्रोसायक्लोनची चाचणी भाड्याच्या छोट्या युनिटवर झाली, ताईंच्या उदाहरणाइतकी छान वाटणी नाही झाली, खालून ६० टक्के वजन आणि झिंक ३५ टक्के. तरी चालेल. कन्व्हर्टरचा बारीक स्लज तूर्त बंद केलाय, जाडा तेवढा चालू. आणि भंगारवाल्यांना मुलाम्याचा पत्रा वेगळ्या दिवशी घ्या असं सांगून बघितलं, त्यांनी हसून सोडून दिलं.

कोरा_कागद

पण मग ते झिंकवालं बारीक? वरच्या आदेशात तर डंपवर काही न्यायचं नाही होतं.

भट्टीपुत्र

ते एका कडेला वेगळं साठवतोय, बाहेरच्या एका रोटरी हर्थवाल्याला नमुना पाठवलाय, उत्तर यायचंय. आदेश काढणाऱ्यांना काकांचा २४०-६००-१२०० वाला तक्ता दाखवला, बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग एकाने विचारलं की ८५ टक्क्यांना किती.

अति_शहाणा

८००.

जुनी_झोतभट्टी

तो साठवलेला माल उन्हात वाळू देऊ नका, फार बारीक असतो, वाऱ्याने उडाला तर शिसंपण उडेल. ओला ठेवा, खाली पक्की फरशी हवी, वरून झाकून टाका. आणि झिरपलेलं पाणी थिकनरला (गाळ खाली बसवायच्या टाकीला) परत सोडताय का कुठे ते बघा.

भट्टीपुत्र

बघतो काका. हे कुणी बघितलेलंच नाहीये बहुतेक.